जाण्याआधीची सांगली

महाराष्ट्र एक्स्प्रेस नसती, तर मी सांगलीला शिकायला आलेच नसते. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी ही गाडी सांगलीलाही थांबते आणि आमच्या अकोल्यालाही. "गाडी बदलावी लागत नाही ना, मग लांब कसलं?" एवढ्या एका हिशेबावर बाबांनी मला चार वर्षांसाठी विश्रामबागेत धाडलं. सांगलीत दुपार कलताना बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला उतरायचं. सुट्टी लागली की गाडी, सुट्टी संपली की गाडी. असं करता करता आठवं सेमिस्टर उजाडलं आणि आईचा फोन आला.

"तुझा शेवटचा पेपर झाला की आम्ही दोघं सामान न्यायला येतो. दोन दिवस राहू. काय काय बघायचं तिथं?"

"गणपतीचं देऊळ," मी म्हणाले.

"आणखी?"

मला पुढचं काही सुचेना. "भडंग."

"भडंग काय बघायचं असतं?"

आई हसली, पण मला ते लागलं. साडेतीन वर्षं ज्या गावात राहिले, त्याबद्दल मला दोनच गोष्टी सांगता आल्या. त्यातली एक देवाची आणि दुसरी कुरमुऱ्यांची.

यात थोडा दोष विश्रामबागेचाही आहे. सांगली आणि मिरज यांच्या मधोमध हा भाग आहे. १९१९चं विलिंग्डन कॉलेज इथलं, १९४७चं वालचंद इथलं. त्यामुळे विद्यार्थ्याला लागेल ते सगळं पाचशे पावलांत मिळतं. झेरॉक्स, मेस, चहाची टपरी, आणि प्रत्येक दुसऱ्या फाटकावर 'मुलींसाठी कॉट बेसिसवर रूम मिळेल' अशी पाटी. कॉट बेसिस म्हणजे खोली आपली नाही, खोलीतली एक कॉट आपली. माझ्या लक्षात आलं, की मी सांगलीतही तशीच राहिले होते. गाव भाड्यानं घेतलंच नव्हतं, एका कॉटपुरतं घेतलं होतं.

माझी रूममेट कवठेमहांकाळची. तिच्या बोलण्याची मला पहिल्या वर्षी फार गंमत वाटायची. इकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना सरळ 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. पहिल्या आठवड्यात ती "मी आंघोळीला जातो गं" म्हणाली, तेव्हा मी दचकून दाराकडे पाहिलं होतं, कोण मुलगा शिरला म्हणून. आईचा फोन ठेवल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिनं माझी प्रॅक्टिकलची वही ओढली, मागच्या कोऱ्या पानावर आठ नावं लिहिली आणि म्हणाली, "जाण्याआधी हे सगळं करायचं. मी येतो बरोबर."

*

पहिलं नाव मिरजेचं. आमच्याकडे मिरज ठाऊक झालं ते २०१६च्या उन्हाळ्यात, लातूरला पाणी घेऊन निघालेल्या रेल्वेमुळे. ती गाडी मिरजेतून भरून जायची. पण यादीत पाणी नव्हतं, तंबोरा होता.

विश्रामबागेतून मिरजेला जायला वडाप. शेअर रिक्षाला इकडे वडाप म्हणतात. चौघांच्या जागेत सहा जण बसवल्याशिवाय ती हलत नाही. सहावी मीच होते. गावात उतरून दर्ग्याच्या बाजूनं निघालो. ख्वाजा शमना मीरासाहेबांचा हा दर्गा. १९३७ साली दौऱ्यावर असताना वारलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर याच आवारात आहे. किराणा घराण्याचा हा मोठा गवई उत्तरेतला, पण राहिला मिरजेत. दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ इथं गाण्याच्या मैफली होतात आणि नावाजलेले गवई हजेरी लावायला येतात. आम्ही गेलो तेव्हा उरूस होऊन गेला होता. तीन वर्षं तो माझ्यापासून दोन-तीन मैलांवर भरत होता आणि मी सबमिशन लिहीत होते.

तिथून सतारमेकर गल्ली. दुकानांच्या बाहेर भोपळेच भोपळे, कापलेले, आतून कोरलेले, उन्हात ठेवलेले. मला आधी वाटलं, भाजीचे असावेत. "ते कडू असतंय," एक पोरगा म्हणाला. हे भोपळे पंढरपूरच्या बाजूनं, भीमाकाठच्या शेतांतून येतात. वाद्यासाठीच लावतात आणि वेलावर पुरते जून होऊ देतात.

या गल्लीचा उगम तलवारीत आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. गेल्याच्या आधीच्या शतकात हत्यारांची मागणी घटली, तेव्हा इथल्या फरीदसाहेबांनी तोच हात तंतुवाद्यांकडे वळवला आणि त्यांचे वंशज, शागीर्द सतारमेकर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरही फिरली होती. मी अंगठा दाखवून पुढे सरकले होते.

एका दुकानात पांढऱ्या दाढीचे एक चाचा तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसले होते. आम्ही दारात घुटमळत होतो. "घ्यायचा आहे का?" त्यांनी विचारलं. "नाही चाचा, बघायचाय." मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी पायानं एक पाट आमच्याकडे सरकवला.

ते जवारी काढत होते. तारा ज्या रुंद पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. तिची पाठ सपाट दिसते, पण असते किंचित उतरती. चाचांनी तारा सैल केल्या, घोडीवर कानस दोनदा फिरवली. फक्त दोनदा. फुंकर मारली, बोटानं चाचपलं, तारा पुन्हा चढवल्या. मग प्रत्येक तारेखाली सुताचा एक धागा सरकवला आणि तार छेडत तो धागा केसभर पुढे, केसभर मागे करू लागले. एका जागी तो आला आणि आवाजच बदलला. इतका वेळ तार नुसती टणटणत होती. आता तिच्यातून काहीतरी उलगडत, घोंगावत बाहेर आलं. "खुलली," चाचा म्हणाले.

मी इलेक्ट्रॉनिक्सची. माझा प्रोजेक्टच ध्वनिसंकेतांवर होता. घोडीच्या उतारावर तार टेकत-सुटत राहते, म्हणून वरचे ध्वनितरंग जागे होतात, एवढं मला पुस्तकात भेटलं होतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या याच घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. मी घाईघाईनं फोन काढला, आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप लावलं आणि चाचांपुढे धरलं. पडद्यावर उभ्या रेघांचं शेत उगवलं. चाचांनी चष्मा वर करून पाहिलं.

"तारा किती?" त्यांनी मला विचारलं.

"चार."

"लावलं काय आहे?"

एवढं मला रूममेटनं वाटेत शिकवलं होतं. "पंचम, आणि बाकी तीन षड्ज."

"मग आता ते ठेव बाजूला आणि ऐक. गंधार येतो का बघ."

मी फोन मांडीवर पालथा ठेवला. चाचा चारही तारा एका संथ लयीत फिरवत राहिले. मिनिटभर मला काहीच वेगळं कळलं नाही. मग खर्जाची जाडी तार वाजून विरू लागली की तिच्या शेपटाला एक बारीक, गोड स्वर लोंबकळताना दिसू लागला. दिसू लागला असंच म्हणेन. एकदा सापडला की तो सुटेना. कुठल्याच तारेवर तो लावलेला नव्हता. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आमच्या भाषेत पाचवा हार्मोनिक. व्हायव्हामध्ये मी तो दहा वेळा समीकरणातून काढून दाखवला असता. कानाला तो त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

निघताना मी विचारलं, "चाचा, कानस दोनदाच का?"

"तिसऱ्यांदा मारली असती तर घोडी बदलावी लागली असती," ते म्हणाले आणि पुढचा तंबोरा ओढला.

*

यादीतलं दुसरं नाव होतं 'हळद'. नुसतंच 'हळद'. रूममेटच्या मामांची हळद मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात यायची होती, त्या सकाळी आम्ही पोचलो. आत पाय टाकताच मला सात-आठ शिंका आल्या. पोती, ढीग, हमालांचे सदरे, त्यांच्या भुवया, हिशेबाच्या वहीची कड, सगळ्यावर पिवळी भुकटी. सौदा एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे चालत चालत होतो. अडत्या पुढे, खरेदीदारांचा घोळका मागे, आकड्यांचा गलका. खरेदीदार आधी काही बोलत नाही. ढिगातून एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. कट्ट असा आवाज आला पाहिजे. मग तुटल्या जागी रंग बघतो. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची; मामांच्या घरचे दोन-अडीच महिने त्या एका कट्ट आवाजात तोलले जातात. त्या दिवशी दर बरा निघाला. मामांनी आम्हाला यार्डाबाहेर मिसळ खाऊ घातली आणि हातात दोन हळकुंडं ठेवली. "कॉलेजात ठेव जा," म्हणाले, "पुस्तकाला कसर लागणार न्हाई."

सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालं. पण सांगलीची हळद म्हणजे सगळी सांगलीच्या शेतातली नव्हे. इथं मोठी झाली ती बाजारपेठ. आणि बाजारपेठ मोठी व्हायला हळद टिकवता यावी लागते. ती कशी टिकवत, ते बघायला मामांनीच आम्हाला हरिपूरला पाठवलं.

हरिपूर सांगलीला लागूनच आहे. वारणा इथं कृष्णेला मिळते. संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे आणि श्रावणात सोमवारी यात्रा भरते. म्हाताऱ्याशी लग्न लावलं जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं दुःख 'संगीत शारदा' या नाटकातून १८९९ साली रंगभूमीवर आणणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. आम्ही मात्र पेव शोधत होतो. अर्धा तास उन्हात फिरलो. मोकळी जागा, बाभळी, एक-दोन म्हशी. शेवटी झाडाखाली बसलेल्या एका आजोबांना विचारलं.

"आजोबा, इथं हळदीची पेवं कुठं आहेत?"

"कुठली गं तू?"

"अकोल्याची. विश्रामबागेत शिकायला आहे."

"लांबची हाईस की." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पेवाव तर उभी हाईस."

मी टुणकन बाजूला झाले. पायाखाली मातीत अर्धी बुजलेली फरशी होती, बास. आजोबांनी काठीनं जमिनीवर आकृती काढली. तोंड एवढंसं, माणूस उतरेल इतकंच. आत वीस-पंचवीस फूट खोल आणि पोट मोठं, रांजणासारखं. खाली-भोवती वाळका पाला लावायचा, हळद ओतायची, तोंडावर फरशी टाकून मातीनं लिंपून घ्यायची. इथली माती अशी, की ओल आत जात नाही. वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी. वरून गाई चरतायत, पोरं खेळतायत, आणि खाली व्यापाऱ्यांचं सोनं.

"आणि काढायची कशी?"

"फरशी काढली की लगीच उतरायचं न्हाई. वारं जाऊ द्यायचं. मग कंदील सोडायचा दोरीला बांधून. इझला, तर माणसानं उतरायचं न्हाई." ते थांबले. "२००५च्या म्हापुरात पाणी शिरलं. हळद गेली, पेवं खचली. आता समदं गोडावनात नायतर कोल्डस्टोरेजला."

आम्ही परत निघालो तेव्हा मी जरा जपून पावलं टाकत होते. रूममेट म्हणाली, "बुजलेली हाईत गं, पडत न्हाईस." पण प्रश्न पडण्याचा नव्हता. पायाखाली काय असेल ते इथं विचारल्याशिवाय कळत नाही, एवढं कळलं होतं.

*

आयर्विन पुलावर मी अनेकदा गेले होते, पण सेल्फीपुरती. १९२९चा हा पूल. खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत, ते मी कधी नीट वाचले नव्हते. एका संध्याकाळी घाटावरून ते वाचले. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, 'आयर्विनला किती फूट?' विचारतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मी मान वर करून तो अंदाज घेतला. मग गावाकडे वळून बघितलं, आणि कुठल्या दुकानाचा कुठला मजला पाण्याखाली गेला असेल ते रूममेट बोटानं दाखवत गेली. मेसच्या काकू दर जूनमध्ये गव्हाचं पोतं माळ्यावर का चढवतात, हे मला तिथं उभं राहिल्यावर उमगलं. तीन वर्षं मी त्यांना त्यावरून चिडवत होते.

एप्रिलमधली कृष्णा मात्र खाली, पार खाली, स्वतःशीच वाहत होती. पाण्यात पाय सोडावेसे वाटले. शेजारी जाळं आवरणाऱ्या माणसानं न बघताच सांगितलं, "मगर हाय हं ताई." नदीच्या या पट्ट्यात मगरी आहेत, हेही मला नवंच होतं. आम्ही दोन पायऱ्या वर सरकून भडंग खाल्लं.

त्याच आठवड्यात विष्णुदास भावे नाट्यमंदिरात एका हौशी संस्थेचं नाटक बघितलं. सांगलीला नाट्यपंढरी का म्हणतात, ते शाळेत पाठ केलेलं असतं. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचा खेळ बघून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना मराठीत असं काही करायला सांगितलं, आणि १८४३ साली इथं 'सीतास्वयंवर' झालं. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन त्यावरूनच. नाटक बेताचंच होतं. पण दुसऱ्या अंकात एका नटाचं वाक्य अडलं आणि तिसऱ्या रांगेतल्या एका आजींनी ते खालून सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी मागं वळूनही बघितलं नाही. नटानं वाक्य घेतलं, नाटक पुढे गेलं. इतिहासाच्या पुस्तकापेक्षा त्या आजींवर माझा जास्त विश्वास बसला.

बाकीची यादी भराभर झाली, काही झालीच नाही. नृसिंहवाडीला एसटीनं गेलो, बासुंदी प्यायलो. पावसाळ्यात नदी उत्तरेच्या दारानं देवळात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात आंघोळीला माणसं धावतात. ज्या पाण्याची सांगलीत धास्ती, त्याचाच थोडं खाली सण. पण तो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तोवर मी इथं नसणार. दंडोबाच्या डोंगरावर सूर्योदय बघायला निघालो, तर वाटेत गाडी पंक्चर झाली. सूर्य टायरवाल्याच्या टपरीवरूनच उगवला. सागरेश्वर राहिलं ते राहिलंच. बोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं ते अभयारण्य, तिथली हरणं मी फोटोतच बघितली. वहीच्या पानावर आठांपैकी साडेपाच नावांवर काट मारलेली आहे.

*

शेवटचा पेपर शुक्रवारी झाला. शनिवारी सकाळी आई-बाबांची गाडी यायची होती. रात्रभर सामान बांधलं. मामांची दोन हळकुंडं स्टीलच्या डब्यात घातली. काकूंनी रस्त्यासाठी भाकरी आणि खर्डा बांधून दिला. दोन दिवसांचा बेत मी कागदावर लिहून काढला होता. त्यात गणपती होताच. पण त्याआधी चाचांची गल्ली, मग हरिपूरची मोकळी जागा, आणि संध्याकाळी पुलाखाली, दोन पायऱ्या वर.

रिक्षा मिळायला उशीर झाला. स्टेशनच्या अलीकडेच फोन वाजला. मागे प्लॅटफॉर्मवरची घोषणा ऐकू येत होती.

"उतरलो गं आम्ही. कुठं आहेस तू?"

"दारातच थांबा की तिथं. आलो मी!"

पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग आईनं जरा जपून विचारलं,

"कोण बोलतंय?"